टर्फ क्लबांच्या कारभाऱ्यांना एका पंटरचं खुलं पत्र

रेसकोर्स चालवणारे, शर्यतींचं नियमन करणारे आणि टोटच्या (पैजा गोळा करून वाटप करणाऱ्या यंत्रणेच्या) खिडकीमागे बसून हिशेब ठेवणारे सर्व कारभारी यांस,

स. न. वि. वि.

मी घोड्याचा मालक नाही, ट्रेनर नाही, बुकीही नाही. तुमच्या वहीत माझी नोंद 'उलाढाल' या एका शब्दात होते. घडी घातलेलं रेसबुक, कानामागे पेन्सिल आणि चौथ्या शर्यतीत कोण लागणार यावरून शेजारच्या अनोळखी माणसाशी वाद, असा मी एक साधा पंटर, म्हणजे पैज लावणारा. तीस वर्षं स्टँडच्या सर्वांत स्वस्त पायऱ्यांवर उभा राहतो आहे. पूर्वी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. आता आडवं होऊन झोपता येतं.

रेस पुन्हा लोकप्रिय कशी करायची, याची चर्चा तुमच्याकडे सतत चालू असते. त्या चर्चेत संगीताचे कार्यक्रम असतात, टोप्यांच्या स्पर्धा असतात, खाण्यापिण्याचे तंबू असतात. नसतो तो फक्त पैज लावणारा माणूस. खरं तर गायक ऐकायला आलेला तरुण गाणं संपलं की घरी जातो. पुढच्या आठवड्याच्या साध्या शर्यतींना तो येत नाही. त्या दिवशी येतो तो मी. म्हणून म्हटलं, एकदा आपणच लिहावं.

बंद पडलेल्या मैदानांची यादी तुम्हाला पाठ असेल. लॉस एंजेलिसजवळचं हॉलिवूड पार्क २०१३ साली गेलं, शिकागोजवळचं आर्लिंग्टन २०२१ साली. २०२४ तर बघायलाच नको: मार्चअखेर मकाव, जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठचं गोल्डन गेट फील्ड्स आणि ५ ऑक्टोबरला सिंगापूरचं क्रांजी. सिंगापूरची परंपरा १८० वर्षांहून जुनी होती. कारण विचारलं की जमिनीकडे बोट दाखवलं जातं. जमीन महाग झाली हे खरंच आहे. पण माणसांनी भरलेल्या मैदानाची जमीन मागायला सहसा कुणी धजत नाही. ओस पडलेल्या मैदानाची कुणीही मागतो.

आता मुद्द्यावर येतो. कॅसिनोतल्या रुलेटच्या चाकाला ओळखून काही उपयोग नसतो. घोडा ओळखता येतो. मागच्या तीन शर्यतींत तो गेटमधून कसा सुटला, कुठल्या वळणावर कोंडला गेला, ओल्या मैदानावर पाय कसा टाकतो, बाराशे मीटरच्या घोड्याला आज सोळाशेला का उतरवलंय, जॉकी का बदलला, घोड्यांची वजनं ठरवणाऱ्या हँडिकॅपरने पाठीवर किती वजन ठेवलं, या सगळ्यातून एक मत बनतं. तिकीट म्हणजे त्या मतावरची सही. घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मोठा आहे, असं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटलं, तेव्हा आमच्यासारख्यांना बरं वाटलं होतं. घरच्यांना ते अजून पटलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

टोटच्या यंत्राची जन्मकथा मला फार आवडते. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमा करायचे, आयोजकांची कपात बाजूला काढायची आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे, ही पद्धत एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेरने रूढ केली. पुढे मुलाँ रूज काढणाऱ्यांतही हाच गृहस्थ होता. ते वाटप हाताने करताना गोंधळ व्हायचा. १९१३ साली ऑकलंडच्या एलर्स्ली मैदानावर जॉर्ज ज्युलियस नावाच्या इंजिनिअरचं यंत्र बसलं आणि तो थांबला. वजनांवर आणि सायकलच्या साखळ्यांवर चालणारं ते धूड त्याने मुळात निवडणुकीतली मतं मोजण्यासाठी योजलं होतं. सरकारने नको म्हटलं म्हणून ते रेसकोर्सवर आलं. म्हणजे टोटची खिडकी ही अगदी जन्मापासून मतपेटीच आहे. मत घोड्याला द्यायचं, एवढाच फरक.

त्या मतपेटीतून मोजणीआधीच तुम्ही किती काढून घेता ते पाहू. साध्या विनच्या, म्हणजे पहिला घोडा ओळखायच्या पैजेच्या, पूलमधून ठिकठिकाणी १५ ते २० टक्के. पहिले तीन घोडे क्रमाने ओळखायच्या ट्रायफेक्टासारख्या पैजांमध्ये २० ते २५, काही ठिकाणी त्याहून जास्त. एका शर्यतीपुरतं बघितलं तर हे टोचत नाही. पण पंटर परत मिळालेलेच पैसे पुढच्या शर्यतीला लावतो. २० टक्के कपात असेल तर सरासरी नशिबाच्या माणसाचे शंभर पहिल्या शर्यतीनंतर ८० होतात, दुसऱ्यानंतर ६४, तिसऱ्यानंतर ५१, चौथ्यानंतर ४१. दुपारचा चहा येईपर्यंत खेळ आटोपला. एका शून्याच्या रुलेटमध्ये कॅसिनोचा वाटा २.७ टक्के असतो. जिथे डोकं लावून उपयोग नाही तिथे एवढी कमी पट्टी, आणि जिथे रात्रभर रेसबुक वाचावं लागतं तिथे सात-आठपट! वाचणाऱ्याला हा दंडच झाला.

त्यात सुट्ट्या पैशांची चलाखी. हिशेबाने एकाला २.७९ मिळायला हवे असतील तर हातावर २.७० टेकवायचे, वरचे नऊ पैसे तुमचे. याला तुमच्याकडे 'ब्रेकेज' म्हणतात. आमच्याकडे जे म्हणतात ते इथे लिहिता येत नाही. केंटकीने २०२२ साली कायदा करून शेवटच्या सेंटपर्यंत हिशेब द्यायला लावला, म्हणजे हे करता येतं. त्याच केंटकीत चर्चिल डाउन्स मैदानाने २०१४ साली कपात वाढवली होती, विनवर १६ वरून १७.५ आणि एकाहून जास्त घोडे ओळखायच्या पैजांवर १९ वरून २२ टक्के. पंटरांनी बहिष्काराची हाक दिली आणि त्या मोसमात उलाढाल घसरली. साबणाची किंमत वाढवताना दुकानदार जेवढा विचार करतो तेवढाही तुम्ही करत नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

एवढं होऊनही माणूस येतो. मत बनवतो, फलकावर एकाला पाचाचा भाव बघतो, तिकीट काढतो. गेट उघडतं, घोडे पहिल्या वळणावर पोचतात आणि फलकावर भाव अडीच झालेला असतो. घोडा जिंकतो, पण माझे निम्मे पैसे कुणीतरी वाटेतच नेलेले असतात. पहिल्यांदा हे माझ्या बाबतीत झालं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी लबाडी केली. लबाडी नव्हती. संगणकावर मॉडेल चालवणारे मोठे गट शेवटच्या काही सेकंदांत हजारो पैजा एकदम पूलमध्ये ओततात, आणि एवढी मोठी उलाढाल देतात म्हणून त्यांना कपातीतून सूटही मिळते. आम्ही चढ्या दराने मत द्यायचं, त्यांनी सवलतीत, आणि तेही आमची मतं बघून झाल्यावर! न्यूयॉर्कच्या मैदानांनी २०२१ साली विनच्या पूलमध्ये अशा खेळाडूंना शेवटच्या मिनिटांत मज्जाव केला. जगातल्या प्रत्येक मैदानाने निदान एक पूल साध्या माणसासाठी असा राखून ठेवायला काय हरकत आहे? हुशारीशी माझं भांडण नाही. त्यांनीही पाच मिनिटं आधी खिडकीशी यावं, भाव सगळ्यांना दिसावा, मग होऊ दे सामना.

पूलऐवजी ठरलेल्या भावाने पैज घेणाऱ्या कंपन्यांकडे वळावं, तर तिथली तऱ्हा याहून वरचढ. हरत राहिलो तोवर मला फुकट पैजांची आमिषं यायची. एका मोसमात चार-पाच घोडे चांगल्या भावात लागले आणि एका कंपनीने माझ्या खात्याची मर्यादा इतकी खाली आणली की तेवढ्या पैजेत पान-सुपारीही येऊ नये. विचारलं तर उत्तर आलं, 'व्यावसायिक निर्णय.' मी यांचं काय घोडं मारलं होतं? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या नियामकाने २०१४ साली नियम केला: ठराविक रकमेपर्यंतची पैज बुकमेकरने घेतलीच पाहिजे, समोरचा जिंकणारा असो की हरणारा. ज्या खेळात जिंकणाऱ्यालाच दार दाखवतात, त्यात नवा माणूस शिकायला कशाला येईल?

शिकण्यावरून हाँगकाँग आठवलं. तिथे शर्यती १८४६ पासून चालतात आणि आज दोनच मैदानं आहेत, हॅपी व्हॅली आणि शा टिन. तीच हजार-बाराशे घोड्यांची गावकी एकमेकांशी धावत राहते, त्यामुळे प्रेक्षकाला घोडे नावानिशी ओळखीचे होतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घोड्याची सकाळची तालीम, सरावशर्यतींची चित्रफीत, शर्यतीच्या टप्प्याटप्प्याच्या वेळा, डोळ्यांवर झापडं घातली की काढली, इतकंच काय, पशुवैद्याने केलेली नोंदसुद्धा क्लब सगळ्यांना फुकट वाचायला देतो. दुसरीकडे अनेक ठिकाणी घोड्याच्या जुन्या शर्यतींचा तपशील बघायलाही आधी पैसे मोजावे लागतात. परीक्षा द्यायची असेल तर पाठ्यपुस्तक आमच्याकडून विकत घ्या, आणि काही पानं फाडलेली असतील. हॅपी व्हॅलीच्या बुधवारच्या रात्री संगीत असतं, बिअरही असते. मी काही संन्यासी नाही, मला दोन्ही चालतात. पण ती सजावट भक्कम भिंतीवर केलेली आहे.

हाँगकाँगची उलाढाल १९९६-९७ च्या मोसमात सुमारे ९२ अब्ज हाँगकाँग डॉलर होती. नऊ वर्षांत ती ६० अब्जांपर्यंत आली. बेकायदा बुकी कमी दरात पैजा घेत होते आणि क्लबचे हात करात अडकलेले. २००६ साली सरकारने उलाढालीवरचा कर काढला आणि वाटप झाल्यावर जे उरतं त्यावर बसवला. मोठ्या रकमेची पैज हरल्यास १० टक्के परत द्यायची मुभाही क्लबला मिळाली. पुढे उलाढाल १२० अब्जांच्या पलीकडे गेली. त्यात परदेशातून पूलमध्ये येणारा पैसा आहे हे मान्य, पण वळण लागलं ते तिथेच. याच्या उलट उदाहरण भारताचं: २०२३ पासून पणाला लावलेल्या सबंध रकमेवर २८ टक्के जीएसटी आणि सप्टेंबर २०२५ पासून ४०. यात कुणाचं भलं होतं? रेसकोर्सच्या कुंपणाबाहेर वही घेऊन उभ्या असलेल्या, एक पैसा कर न भरणाऱ्या माणसाचं.

कर तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. पण सरकारपुढे काय तोंडाने जाता ते तुमच्या हातात आहे. १० सप्टेंबर २०२५ रोजी ब्रिटनमधल्या शर्यतवाल्यांनी एक दिवस सगळी मैदानं बंद ठेवली. ऑनलाइन जुगाराच्या सगळ्या प्रकारांना एकच कर लावायचा विचार सरकारदरबारी चालला होता, आणि रेस म्हणजे स्लॉट मशीन नव्हे, हा तुमच्या बाजूचा युक्तिवाद होता. अगदी बरोबर! मग एरवी रेस स्लॉट मशीनसारखी विकता कशाला? कुठलं तरी मैदान, कसलेही पाच घोडे, दर दोन-तीन मिनिटांनी एक शर्यत, आणि खऱ्या शर्यती कमी पडल्या तर पडद्यावर संगणकाने काढलेले घोडे. अमेरिकेत तर कित्येक मैदानांची बक्षिसं शेजारच्या दालनातल्या स्लॉट मशीनच्या कमाईतून येतात. ते पैसे गोड लागतात, पण सरकारचं मन फिरलं की काय होतं ते कॅनडातल्या ओंटारियोने २०१३ साली पाहिलं. स्लॉटमधला शर्यतींचा वाटा एका निर्णयाने बंद झाला.

आमचा खेळ मुळात संथ आहे आणि तीच त्याची अब्रू आहे. दोन शर्यतींच्या मध्ये अर्धा तास. त्यात शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकपाशी जायचं, घोड्याच्या मानेवरचा घाम बघायचा, मन बदलायचं, पुन्हा तेच करायचं. या अर्ध्या तासात माणूस शुद्धीवर येतो. रेसच्या नादाने धुळीला मिळालेले संसार मी जवळून पाहिले आहेत. त्या पायऱ्यांवर तीस वर्षं उभं राहून ते न दिसणं शक्य नाही. म्हणून लोकप्रियता वाढवायची म्हणजे माझ्या खिशातल्या मोबाइलवर रात्री दोन वाजता अनोळखी देशातली शर्यत ढकलायची, असा अर्थ कृपा करून काढू नका. खर्चाची मर्यादा आधीच ठरवायची सोय टोटच्या खात्यात ठळक जागी द्या. मी वापरीन.

एक शंका तुमच्या मनात आली असेल. जपानमध्ये विनवर २० टक्के आणि ट्रायफेक्टावर २७.५ टक्के कपात आहे, तरी मैदानं भरतात, ते कसं? कारण तिथे लोकांना घोडा माहीत असतो. वर्षअखेरच्या आरिमा किनेन शर्यतीत कोणते घोडे धावावेत याला चाहते मतं देतात, १९५६ पासून. (बघा, आलं ना पुन्हा मतदान!) १९९० साली ओगुरी कॅप नावाच्या करड्या घोड्याने तीच शर्यत जिंकून निरोप घेतला, तेव्हा नाकायामा मैदानावर १,७७,७७९ माणसं होती.

आणि हारू उरारा! कोची हे जपानमधलं छोटं, बंद पडायला टेकलेलं मैदान. तिथली ही घोडी एकही शर्यत जिंकली नव्हती. सततच्या हरण्यामुळेच तिचं नाव झालं. २२ मार्च २००४ रोजी, तिच्या १०६व्या शर्यतीत, देशातला नामांकित जॉकी युताका ताके तिच्या पाठीवर बसला. १३,००० च्या आसपास लोक लोटले. ती अकरांत दहावी आली. ११३ शर्यती धावून ती शून्य विजयांनी निवृत्त झाली. तिचं तिकीट लोक मोटारीत ताईत म्हणून ठेवायचे, कारण जपानीत पैज न लागणं आणि धडक न लागणं याला एकच शब्द आहे. आपलं 'लागणं' तसंच की! मैदान बंद होण्यापासून वाचायला त्या तिकिटांची मदत झाली. कुठल्याही जाहिरात कंपनीला हे सुचलं नसतं.

घोड्याशी ओळख व्हायची तर तो काही वर्षं दिसायला हवा. जस्टिफाय नावाचा घोडा २०१८ साली अमेरिकेचा तिहेरी मुकुट (तीन मोठ्या शर्यतींचा मान) जिंकला, चार महिन्यांत सहा शर्यती धावला आणि संपलं. फ्लाइटलाइनही सहाच शर्यती धावून २०२२ साली पैदाशीला गेला. पैदाशीतला पैसा बक्षिसांपेक्षा कितीतरी मोठा. मालकाला दोष कसा द्यायचा? पण विंक्स ही ऑस्ट्रेलियाची घोडी ४३ शर्यती धावली, ३७ जिंकली, शेवटच्या ३३ तर सलग. हाँगकाँगचा गोल्डन सिक्स्टी खच्ची केलेला, पैदाशीचा प्रश्नच नाही. २६ विजय मिळवेपर्यंत तो लोकांच्या डोळ्यांसमोर राहिला. चार आणि पाच वर्षांच्या घोड्यांसाठी मोठी बक्षिसं ठेवणं तर तुमच्याच हातात आहे. १९७३ साली सेक्रेटेरिएट नावाच्या घोड्याने बेलमाँट स्टेक्स ही शर्यत ३१ लेंग्थनी, म्हणजे घोड्याच्या ३१ लांबींच्या अंतराने, जिंकली. दोन डॉलरच्या तिकिटाला २ डॉलर २० सेंट मिळत होते. त्यातली ५,६१७ जिंकलेली तिकिटं कधी वटवायलाच आली नाहीत. लोकांनी जपून ठेवली. पैज लावणारा माणूस निव्वळ पैशासाठी येतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा टेबलावर लिहून ठेवावा.

आणि तोच घोडा आमच्यासमोर पाय मोडून पडला तर? सांता अनिता मैदानावर डिसेंबर २०१८ ते जून २०१९ या एका मोसमात ३० घोडे मेले. २०२३ साली चर्चिल डाउन्सवर १२ मेले आणि मोसम अर्ध्यात दुसरीकडे हलवावा लागला. मैदानाभोवती हिरवा पडदा धरला जातो तेव्हा आम्ही सगळे खाली बघतो. शेजारी बसलेली नवी मुलगी परत येत नाही, आणि तिला समजवायला माझ्याकडे शब्द नसतात. अमेरिकेत देशपातळीवर २०२२ पासून सुरक्षेचे नि २०२३ पासून औषधांचे नियम लागू झाले, उशिरा का होईना. पण घोडा कुठल्या औषधावर आहे, गेल्या महिन्यात लंगडला होता का, निवृत्तीनंतर कुठे गेला, हे रेसबुकात छापायला कायदा कशाला हवा? मला मत बनवायलाही ते लागतं. दयेचा आणि सट्ट्याचा स्वार्थ इतका जुळून येणारी जागा दुसरी नसेल.

फार मोठं काही मागत नाही. एका मोसमात, आठवड्यातून एक दिवस, एक पूल दहा टक्के कपातीचा ठेवा. त्यात संगणकी पैजा पाच मिनिटं आधी बंद करा. त्या दिवशीच्या सगळ्या घोड्यांच्या पशुवैद्यकीय नोंदी रेसबुकात छापा आणि रेसबुक फुकट वाटा. पाच घोड्यांच्या तीन शर्यतींऐवजी बारा घोड्यांची एक ठेवा. गायक नको. मोसम संपल्यावर त्या दिवसाची तिकिटं मोजा आणि कमी भरली तर हे पत्र फाडून टाका.

शनिवारच्या पाचव्या शर्यतीत मी एक घोडा हेरून ठेवला आहे. मागच्या दोन्ही वेळा वळणावर कोंडला होता, या वेळी बाहेरचा गेट मिळालाय. नाव सांगणार नाही, भाव उतरतो.

आपला,
स्वस्त पायऱ्यांवरचा एक पंटर

ता. क. मी जातो त्या मैदानावर भावांचा मोठा फलक काढून तिथे जाहिरातींचा पडदा बसवला आहे. भाव आता खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येतात. मी चष्म्याचा नंबर वाढवून पाहिला, उपयोग झाला नाही. तेवढं जमलं तर आधी बघा.